पहिला भाग नेमका कोणता? ‘रोमँटसी’ मालिका कोणत्या क्रमाने वाचायच्या

मुंबईतल्या कुठल्याही इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात सध्या शिरलात तर दर्शनी टेबलावर एकाच जातीची पुस्तकं दिसतात. पाचशे-सातशे पानांची, मुखपृष्ठावर सोनेरी वेलबुट्टी, तलवार, मुकुट नाहीतर ड्रॅगन. महागड्या आवृत्त्यांच्या तर पानांच्या कडाही रंगवलेल्या. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकून एखादी मुलगी मान वर न करता वाचत असते ते बहुधा यातलंच. जानेवारी २०२५ मध्ये रेबेका यारोस यांची ‘ऑनिक्स स्टॉर्म’ आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत तिच्या सत्तावीस लाख प्रती खपल्याच्या बातम्या आल्या होत्या. आणि ती मालिकेतली तिसरी कादंबरी! म्हणजे ती घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आधीच्या दोन जाडजूड कादंबऱ्या संपवलेल्या होत्या.

या प्रकाराला ‘रोमँटसी’ म्हणतात. जादू, शापित राजपुत्र, युद्ध, राजकारण असं सगळं असतं, पण गोष्ट पुढे ढकलते ती प्रेमकथा. वाचणाऱ्यांना त्याचं वेड आहे आणि न वाचणाऱ्यांना त्याचा गोंधळ. भाचीच्या वाढदिवसाला पुस्तक घ्यायला गेलेल्या मावशीला दुकानदार विचारतो, “कितवा भाग देऊ?” मावशी म्हणते, “पहिला द्या की.” त्यावर “कुठल्या मालिकेतला पहिला?” असा प्रश्न येतो आणि फोन करावा लागतो. फोनवर भाची जे सांगते त्यात तीन मालिका, एक ‘आधी घडलेलं पण नंतर वाचायचं’ पुस्तक आणि ‘दोन पुस्तकं एकदम वाचायची’ अशी एक सूचना असते.

भाची थट्टा करत नसते. त्या सगळ्याला कारणं आहेत, आणि ती समजली की यादी पाठ करावी लागत नाही. खाली कुठल्याही पुस्तकाचा शेवट फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

आपली सवय सुट्या गोष्टींची

मराठी वाचकाला मालिका नव्या नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय यांतला कुणीही उचला आणि कुठूनही सुरू करा, काही अडत नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचंही तेच. बन्या आज एका भानगडीत सापडतो, उद्या दुसऱ्या. आधीची भानगड वाचली नसेल तरी नवी कळते.

इंग्रजी प्रेमकथांशी आपली जुनी ओळख झाली तीही अशीच. मुंबईच्या गल्ल्यांमधल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून आधीच्या पिढीतल्या मुली ‘मिल्स अँड बून’ची पुस्तकं न्यायच्या. एका पुस्तकात एक जोडपं भेटायचं, भांडायचं आणि शेवटच्या पानावर एक व्हायचं. पुढच्या पुस्तकात नवं जोडपं. पुस्तकावर क्रमांक असायचा, पण तो दुकानदाराच्या आणि संग्राहकाच्या कामाचा. त्यामुळे आज आई जेव्हा मुलीला म्हणते, “अगं, हा भाग नाही मिळाला तर दुसरा वाच,” तेव्हा ती तिच्या अनुभवातलं खरंच सांगत असते. फक्त ते या पुस्तकांना लागू पडत नाही.

मग इथे क्रम का अडतो?

रोमान्स या प्रकारात लेखक वाचकाला एक वचन देतो: शेवटी दोघं एकत्र येतील. फँटसीची मागणी वेगळी. तिला एक अख्खं जग उभं करायचं असतं, त्याचे राजे, नकाशे, जुनी वैरं, जादूचे नियम. ते एका पुस्तकात मावत नाही. दोन्ही एकत्र आले की प्रेमकथेचं वचन चार-पाच पुस्तकं लांबवावं लागतं. लांबवायचं म्हणजे काहीतरी दडवून ठेवणं आलं. नायिकेचा खरा वंश कोणता, शत्रू खरंच शत्रू आहे का, आणि मुख्य म्हणजे नायक कोण.

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तिथेच सगळी मेख आहे. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ मध्ये आली. फेरा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी घरच्यांना जगवण्यासाठी जंगलात शिकार करते, एका लांडग्याला मारते आणि त्याची भरपाई म्हणून तिला भिंतीपलीकडच्या अमर लोकांच्या प्रदेशात जावं लागतं. ‘सुंदरी आणि राक्षस’ या जुन्या परीकथेचं हे नवं रूप. पहिलं पुस्तक वाचून संपलं की एक चांगली, पूर्ण गोष्ट वाचल्यासारखं वाटतं. मग २०१६ चं दुसरं पुस्तक पहिल्यातल्या माणसांकडे पुन्हा बघायला लावतं. ज्याला आपण प्रेम समजलो ते काय होतं, कुणी कुणाला काय बोललं होतं, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. दुसरं आधी वाचलं तर कथानक समजेल, पण तो हिशेब मांडायची वेळच येणार नाही, कारण तुम्ही फसलेलेच नसाल.

माझं म्हणणं एवढंच: या मालिकांत क्रम ठरतो तो वाचकाला कोणती गोष्ट कधी कळावी यावरून. घटना कोणत्या साली घडल्या हे दुय्यम. लेखिकेने पुस्तकं ज्या क्रमाने प्रसिद्ध केली त्या क्रमाने ती वाचकाशी लपाछपी खेळत आली आहे. म्हणून पहिल्या वाचनाला प्रकाशनाचा क्रम हा ठोकळ नियम. त्याला अपवाद आहेत, पण थोडेच.

मालिका तीन प्रकारच्या असतात

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे एकच गोष्ट, एकच नायिका, सरळ पुढे. यारोस यांची एम्पिरियन मालिका अशी आहे. ‘फोर्थ विंग’ मे २०२३, ‘आयर्न फ्लेम’ नोव्हेंबर २०२३, ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५. पाच पुस्तकांची योजना लेखिकेने जाहीर केलेली आहे. ड्रॅगनस्वार तयार करणारं युद्ध-महाविद्यालय, तिथे शारीरिक दुबळेपणा घेऊन दाखल झालेली व्हायोलेट, आणि पुस्तकं अशी संपतात की पुढचं हाताशी नसेल तर झोप लागत नाही. इथे क्रमाबद्दल चर्चाच नको. एक, दोन, तीन.

दुसरा प्रकार जग तेच ठेवतो, पण जोडपं बदलतो. कॅरिसा ब्रॉडबेंट यांच्या रक्तपिपासूंच्या मालिकेची आखणी जोडी-जोडीने आहे: पहिली दोन पुस्तकं एका जोडप्याची, तिसऱ्यापासून दुसऱ्या जोडप्याची. तिसऱ्यापासून सुरुवात करता येईल का? येईल, पण त्यातली नायिका आधीच्या दोन पुस्तकांत मैत्रीण म्हणून वावरलेली असते. तिच्या तोंडून पहिल्या जोडप्याचं काय झालं ते सहज निघून जातं. नव्या जोडप्याची गोष्ट स्वतंत्र असली तरी जुनं गुपित तिथे उघड्यावर पडलेलं असतं.

तिसरा प्रकार खरा डोकेदुखीचा: एकाच लेखिकेच्या दोन-तीन वेगळ्या मालिका, वेगळी जगं, आणि मग अचानक त्यांचा एकमेकींशी संबंध. मराठी टीव्ही बघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. दोन मालिकांचा ‘महासंगम’ असतो, एका घरातली सून दुसऱ्या मालिकेतल्या घरच्या लग्नाला जाते. तुम्ही दोन्ही मालिका रोज बघत असाल तर मजा. एकच बघत असाल तर पडद्यावर अनोळखी माणसं येऊन रडतात-हसतात आणि आपण घरच्यांना विचारत बसतो, “ही कोण?” रोमँटसीतला सर्वांत गाजलेला महासंगम मास यांचाच आहे, आणि भाचीची यादी तिथूनच वाकडी होते.

मास यांची सोळा पुस्तकं

त्यांच्या तीन मालिकांचा २०२४ अखेरपर्यंतचा हिशेब असा. कोर्ट मालिकेत (‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’पासून सुरू होणारी ती ही) पाच, थ्रोन मालिकेत आठ, क्रेसेंट सिटी मालिकेत तीन.

कोर्ट मालिका प्रकाशनाच्या क्रमाने वाचायची: ‘थॉर्न्स अँड रोझेस’, ‘मिस्ट अँड फ्युरी’, ‘विंग्ज अँड रुइन’, ‘फ्रॉस्ट अँड स्टारलाइट’, ‘सिल्व्हर फ्लेम्स’. पहिल्या तीनमध्ये फेराची आणि एका युद्धाची गोष्ट पूर्ण होते. चौथं २०१८ चं पुस्तक छोटं आहे, इंग्रजीत ज्याला नॉव्हेला म्हणतात तसं. त्यात फार काही घडत नाही. युद्ध संपल्यावर माणसं जखमा कशा चाटतात, सणासुदीला एकमेकांना काय देतात, एवढंच. बरेच वाचक ते वगळतात. मी वगळू नका म्हणेन, पण त्याच्याकडून फार अपेक्षाही ठेवू नका. पाचवं २०२१ चं, फेराच्या मोठ्या बहिणीचं, नेस्टाचं. पहिल्या तीन पुस्तकांत जिचा राग येतो त्या बाईच्या डोक्यात शिरून साडेसातशेच्या आसपास पानं काढायची आहेत. तो राग तुमच्याकडे आधीपासून नसेल तर हे पुस्तक अर्धंच पोहोचेल.

थ्रोन मालिका जास्त गुंतलेली आहे. ‘थ्रोन ऑफ ग्लास’ २०१२ चं. मिठाच्या खाणीत डांबलेली तरुण मारेकरी सेलीना, आणि सुटकेच्या बदल्यात राजाच्या स्पर्धेत उतरण्याची अट. मग ‘क्राउन ऑफ मिडनाइट’, ‘एअर ऑफ फायर’, ‘क्वीन ऑफ शॅडोज’, ‘एम्पायर ऑफ स्टॉर्म्स’, ‘टॉवर ऑफ डॉन’ आणि २०१८ मध्ये जवळजवळ हजार पानांचं ‘किंगडम ऑफ अ‍ॅश’. ही झाली सात. आठवं आहे ‘दि असॅसिन्स ब्लेड’. ते प्रीक्वेल आहे, म्हणजे गोष्टीत आधी घडलेलं पण पुस्तक म्हणून मालिका सुरू झाल्यावर आलेलं. सेलीना खाणीत कशी पोहोचली त्याच्या पाच लांबट कथा २०१४ मध्ये त्या एका पुस्तकात एकत्र आल्या.

ते कधी वाचायचं यावर वाचकांचे तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो सगळ्यात आधी, कारण घडलंच आधी. दुसरा म्हणतो प्रसिद्ध झालं तेव्हा, म्हणजे दुसऱ्या पुस्तकानंतर. तिसरा म्हणतो तिसऱ्यानंतर, चौथ्याच्या आधी. मी तिसऱ्या पक्षातला. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत सेलीना आपल्या भूतकाळाबद्दल तुटक बोलते, एक नाव घेते आणि गप्प होते. ते नाव कुणाचं, हे कुतूहल तिच्याबद्दलच्या ओढीचा मोठा भाग आहे. ते आधीच फोडून टाकलं तर तिच्या गप्प राहण्यात काही उरत नाही. उलट चौथ्या पुस्तकात तिचा जुना मालक आणि एक जुनी वैरीण दोघंही परत येतात. त्यांची पहिली ओळख प्रीक्वेलमध्ये आहे. म्हणून त्याच्या अगोदर ते वाचलेलं बरं. इथे माझा ठोकळ नियम एका पुस्तकाने सरकला, हे मान्य.

आता ती ‘दोन पुस्तकं एकदम’वाली सूचना. ‘एम्पायर ऑफ स्टॉर्म्स’ आणि ‘टॉवर ऑफ डॉन’ यांतल्या घटना साधारण एकाच काळात, पण दोन वेगळ्या खंडांवर घडतात. पहिल्यात बहुतेक सगळी मंडळी आहेत. दुसऱ्यात त्यांच्यातला एकच जण, केऑल, दूर दक्षिणेला उपचारासाठी गेलेला. मुळात ही त्याची लघुकादंबरीच व्हायची होती, लिहिता लिहिता मोठी झाली. ‘एम्पायर’चा शेवट इतका जिव्हारी लागतो की त्यानंतर सहाशेहून जास्त पानं केऑलच्या पायांच्या उपचारात काढायची म्हणजे वाचकाचा जीव कासावीस होतो. त्यावर वाचकांनी तोडगा काढला: दोन्ही पुस्तकं समोर ठेवायची, याची चार प्रकरणं, त्याची तीन, असं आलटून पालटून वाचायचं. कुठलं प्रकरण कधी, याच्या तयार याद्या फिरत असतात. लेखिकेने पुस्तकं तशी लिहिलेली नाहीत, हे ध्यानात असू द्या. आलटून पालटून वाचल्याने धीर धरणं सोपं जातं, पण ‘टॉवर’ची स्वतःची संथ चाल मोडते, आणि ती चाल मला त्या पुस्तकातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. शिवाय गाडीत दोन ठोकळे बॅगेत घेऊन फिरायचं कुणी?

राहिली क्रेसेंट सिटी. २०२०, २०२२ आणि २०२४ अशी तीन पुस्तकं. इथे मोबाइल आहेत, नाइटक्लब आहेत, देवदूत पोलिसगिरी करतात. पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची शंभर पानं नावांनी आणि हुद्द्यांनी इतकी भरलेली आहेत की अनेक जण तिथेच सोडतात. नेटाने पुढे जा. दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी महासंगमाची तुतारी वाजते आणि तिसऱ्यात कोर्ट मालिकेतली माणसं प्रत्यक्ष येतात. कोण, कशी, ते सांगत नाही. पण यावरून एक गोष्ट पक्की ठरते: कोर्ट मालिकेची पाचही पुस्तकं वाचल्याशिवाय क्रेसेंट सिटीचं दुसरं पुस्तक संपवू नका. थ्रोनचा इतरांशी दुवा अगदी ओझरता, शेवटच्या पुस्तकात काही ओळींपुरता. तो सुटला तरी नुकसान नाही.

तेव्हा मावशीने दुकानात काय सांगायचं? वाचणारी सज्ञान असेल आणि या प्रकारात नवीन असेल तर ‘थॉर्न्स अँड रोझेस’. तिला प्रेमापेक्षा डावपेच आणि लढाया आवडत असतील तर ‘थ्रोन ऑफ ग्लास’. क्रेसेंट सिटी कुणालाही पहिलं देऊ नये.

“पण घडलं त्या क्रमाने वाचलं तर सोपं नाही का?”

हा सर्वांत रास्त आक्षेप, आणि तो जुना आहे. मुलांसाठीच्या नार्नियाच्या गोष्टींवरून हा वाद गेली कित्येक दशकं चालू आहे. सी. एस. लुईस यांचं पहिलं पुस्तक १९५० चं. त्या जगाचा जन्म कसा झाला ते सांगणारं पुस्तक १९५५ मध्ये आलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकाने क्रमांक बदलून जन्माचं पुस्तक पहिलं केलं. त्यासाठी आधार होता खुद्द लुईस यांच्या १९५७ च्या एका पत्राचा. एका मुलाला लिहिताना त्यांनी घटनांच्या क्रमाकडे कौल दिला होता. म्हणजे लेखक माझ्या विरुद्ध बाजूला आहे! पण त्याच पत्रात त्यांनी हेही म्हटलं की कुणी कोणत्या क्रमाने वाचलं याने कदाचित फारसं बिघडत नाही. नार्नियाच्या बाबतीत ते खरंही असेल, कारण तिथली बहुतेक पुस्तकं आपापली गोष्ट आपल्यापुरती पूर्ण करतात.

जेनिफर आर्मेंट्राउट यांच्या पुस्तकांत हे चालत नाही. २०२० मध्ये ‘फ्रॉम ब्लड अँड अ‍ॅश’पासून त्यांची एक मालिका सुरू झाली. तीन पुस्तकं झाल्यावर २०२१ मध्ये ‘अ शॅडो इन दि एम्बर’ आलं, शेकडो वर्षांपूर्वीच्या काळातलं, वेगळ्या नायिकेचं. पुढे २०२२ मध्ये मूळ मालिकेचं चौथं पुस्तक, मग जुन्या काळातलं दुसरं, अशा दोन्ही मालिका एकमेकींत विणत पुढे गेल्या. घटनांच्या क्रमाने जायचं तर जुन्या काळातली सगळी पुस्तकं आधी संपवावी लागतील. तसं केलंत तर मूळ मालिकेतल्या नायिकेला तिच्या जगाबद्दल जे हळूहळू उमगतं ते तुम्हाला पहिल्या पानापासून ठाऊक असेल. ती चाचपडते आणि तुम्ही जांभई देता. म्हणून इथे प्रकाशनाच्या तारखा बघायच्या आणि निमूट त्या मार्गाने जायचं. घटनाक्रमाने वाचण्याची खरी मौज दुसऱ्या वाचनात आहे, तेव्हा काही दडवलेलं नसतं आणि लेखिकेने धागे कुठे पेरले होते ते दिसत जातं.

“शेवट कळला म्हणून काय बिघडलं? महाभारताचा शेवट कुणाला ठाऊक नाही?”

ठाऊक आहे, आणि महाभारत स्वतःच तो सांगून टाकतं. आदिपर्वाच्या पहिल्याच भागाचं नाव अनुक्रमणिका पर्व. तिथेच आंधळा धृतराष्ट्र संजयापुढे विलाप करतो: अमुक घडल्याचं ऐकलं तेव्हाच मला जयाची आशा उरली नाही, तमुक ऐकलं तेव्हाही नाही. द्रौपदीच्या स्वयंवरापासून युद्धापर्यंत सगळं त्या यादीत येऊन जातं. शिवाय कथा सांगितली जाते ती अर्जुनाच्या पणतूला, जनमेजयाला. तो समोर बसला आहे म्हणजे वंश टिकला, हेही उघड. क्रम पूर्ण उलटापालटा आणि तरी हजारो वर्षं कुणी तक्रार केलेली नाही.

फरक असा की ती कथा पुन्हा पुन्हा सांगण्यासाठी बांधलेली आहे. ऐकणाऱ्याला काय झालं हे माहीत असतं, त्याला कसं आणि का हे ऐकायचं असतं. रोमँटसीच्या लेखिका पहिल्या वाचनावर सगळा डाव लावतात. काही पुस्तकं दुसऱ्या वाचनालाही उभी राहतात, काही नाही. जी राहत नाहीत त्यांच्याकडे गुपित सोडून फारसं काही नव्हतंच, असं म्हणायला मी तयार आहे. पण तुम्ही पाचशे पानं वाचणार असाल तर त्यात जे आहे ते तरी पदरात पडू द्या.

“नव्या भागाच्या सुरुवातीला आधीचा सारांश देतातच की” असंही काही जण म्हणतात. बहुतेक वेळा देत नाहीत. पूर्वी मासिकातल्या क्रमशः कादंबरीला ‘आतापर्यंतचे कथानक’ असायचं, तसली सोय इथे क्वचित सापडते.

खरेदी करताना फसवणारी चार ठिकाणं

ऑनलाइन याद्यांमध्ये पुस्तकापुढे ३.१, ०.५ असे दशांश आकडे दिसतात. शून्यावरचा दशांश म्हणजे प्रीक्वेल, मधला दशांश म्हणजे छोटं जोडपुस्तक. त्यामुळे ‘सिल्व्हर फ्लेम्स’ काही याद्यांत चौथं असतं आणि काहींत पाचवं. पुस्तक एकच.

कोर्ट आणि थ्रोन या दोन्ही मालिकांची रंगवायची पुस्तकंही निघालेली आहेत. नाव तेच, मुखपृष्ठ तसंच. घाईत ‘मालिकेतलं अजून एक’ म्हणून मागवलं तर घरी खडूपेटी शोधायची वेळ येते.

ऐकायची पुस्तकं घेताना ‘दोनपैकी पहिला’ असं लिहिलेलं दिसलं तर ते मालिकेतलं पहिलं पुस्तक असेलच असं नाही. नाट्यरूपांतर केलेल्या आवृत्त्यांत एकेक कादंबरी दोन तुकड्यांत विकतात. आणि काही विक्रेत्यांच्या खास आवृत्त्यांना शेवटी एक जादा प्रकरण जोडलेलं असतं. साधी प्रत घेतली म्हणून मुख्य कथानक तुटत नाही, निश्चिंत असा.

“मोठ्यांसाठी” म्हणजे किती मोठ्यांसाठी?

मुखपृष्ठावरच्या फुलापाखरांवर जाऊ नका. कोर्ट मालिका २०१५ मध्ये किशोरवयीन वाचकांच्या कपाटात आली आणि २०२० मध्ये नव्या मुखपृष्ठांनिशी प्रौढांच्या कपाटात गेली. जे बदललं ते मुखपृष्ठ. मजकूर पहिल्यापासून तोच. दुसऱ्या पुस्तकापासून शरीरसंबंधांची वर्णनं मोकळी होत जातात आणि ‘सिल्व्हर फ्लेम्स’ तर पूर्णपणे प्रौढांसाठीच आहे. वाचक याला ‘स्पाईस’ म्हणतात. “स्पाईस किती?” हा त्यांच्यात अगदी सरळ विचारला जाणारा प्रश्न आहे, लाजायचं कारण नाही. थ्रोनची सुरुवातीची पुस्तकं त्यामानाने सोवळी, पण पाचव्यापर्यंत तीही बदलतात. क्रमाचा हा आणखी एक परिणाम: चौदा वर्षांच्या मुलीला पहिला भाग चालेल असं बघून दिलात तरी ती मालिकेत वर्षभरात कुठे पोहोचेल याचा विचार आधीच करावा लागतो.

अमेरिकेत यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. ‘मिस्ट अँड फ्युरी’ अश्लील ठरवावं यासाठी व्हर्जिनियात दाखल झालेली याचिका २०२२ मध्ये फेटाळली गेली. २०२४ मध्ये युटा राज्याने सरकारी शाळांतून काढलेल्या तेरा पुस्तकांच्या पहिल्या यादीत मास यांची सहा होती. आपल्याकडे सिनेमाला प्रमाणपत्र लागतं, पुस्तकाला लागत नाही. दुकानदार वय विचारणार नाही. बंदी घालून घरातली मुलं वाचायची थांबतात यावर माझा विश्वास नाही, ती फोनवर वाचतात. त्यापेक्षा आईने किंवा मावशीने पुस्तक आधी चाळावं. चाळता चाळता तिलाच पुढचा भाग हवासा वाटला तर तिचा क्रम वर दिलेलाच.

सगळी घ्यायचीच का, आणि फुटपाथवर मधलाच भाग मिळाला तर?

सगळी घेण्याची काही सक्ती नाही. कोर्ट मालिका तिसऱ्या पुस्तकावर समाधानाने थांबवता येते, मूळ कथानक तिथे मिटतं. थ्रोन मात्र मध्ये सोडायची सोय नाही. निदान तिसऱ्यापर्यंत जाऊन आवडते का बघा, आणि आवडली तर सातव्यापर्यंत जायची तयारी ठेवा. एम्पिरियन सुरू करणाऱ्याने शेवटच्या पुस्तकाची वाट बघायची मनाची तयारी करावी. ज्यांना ती सहन होत नाही त्यांनी पाचही पुस्तकं येईपर्यंत हातच लावू नये. बॉक्स सेट स्वस्त पडतो म्हणून पहिल्या झटक्यात घेऊ नका, आधी पहिलं एकटं वाचा. ई-पुस्तकाची सुरुवातीची काही पानं फुकट वाचायला मिळतात, तेवढ्यावरूनही अंदाज येतो.

फ्लोरा फाउंटनला किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर हीच पुस्तकं निम्म्याहून कमी किमतीत दिसतात. वापरलेली खरी प्रत असेल तर मधला भागही बेलाशक घ्या, मागे ठेवून द्या, आधीचे जमतील तेव्हा वाचा. तो घ्यायच्या आधी मागचं पान मात्र वाचू नका. तिसऱ्या भागाच्या मलपृष्ठावरच्या चार ओळी पहिल्या दोन भागांची वाट लावायला पुरतात. नवीकोरी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि संशय येईल इतकी स्वस्त प्रत बहुधा चोरून छापलेली असते. कायद्याचा आणि लेखिकेच्या पैशाचा प्रश्न आहेच. त्याखेरीज अशा प्रतींत फॉर्म, म्हणजे छापलेल्या पानांचे जुडगे, मागेपुढे बांधलेले, मधली पानं गायब, असले प्रकार असतात. विकत घ्यायच्या आधी प्लास्टिक फाडू द्यायला सांगा आणि पान क्रमांक ओळीने आहेत का ते मधून मधून उलटून बघा. विक्रेता फाडू देत नसेल तर पुढच्या ठेल्यावर जा.